कबुलीजबाबाची मोहिनी

जबलपूरहून कटनीकडे जाताना वाटेत स्लीमनाबाद लागते. ठगांचा बंदोबस्त करणारा कंपनी सरकारचा अधिकारी विल्यम स्लीमन याचे नाव या गावाला मिळाले आहे. ज्या गुप्त जगाचा त्याने शोध घेतला, त्यावर निजामाच्या नोकरीत असलेल्या फिलिप मेडोज टेलर याने 'कन्फेशन्स ऑफ ए ठग' ही कादंबरी १८३९ साली प्रसिद्ध केली. ती आजही वाचली जाते, याचे कारण काय असावे?

खुनी कोण हे शेवटपर्यंत लपवून ठेवणे, ही रहस्यकथेची नेहमीची रीत होय. येथे तसे काही नाही. अमीर अली हा ठग स्वतःच आपली हकीकत सांगत असतो. रस्ते धोक्याचे आहेत, सोबतीने चलावे, असे वाटसरूंना तोच समजावतो. मुक्कामावर गप्पा रंगतात, गाणेबजावणे होते. मग कोणीतरी तंबाखू मागवितो. हा इशारा आहे, हे त्या बिचाऱ्या वाटसरूंखेरीज सर्वांना ठाऊक असते, आणि वाचकालाही. वाचकाची उत्कंठा या जाणतेपणातून जन्मते, आणि तिच्यात थोडी अपराधाची भावनाही मिसळलेली असते. पुढे, जिला आपण फास दिला ती आपलीच बहीण होती, हे अमीर अलीला कळते. इतरांना अंधारात ठेवणारा स्वतःही अंधारातच होता तर!

ठगांच्या सांकेतिक बोलीचा संग्रह स्लीमनने १८३६ साली छापला होता. त्या बोलीत अशा इशाऱ्याला 'झिरनी' म्हणत. असे शब्द भाषांतरात तसेच ठेवावेत. प्रतिशब्द दिला की त्यांतील गूढता ओसरते.

मात्र ही मोहिनी निर्दोष नाही. स्लीमनची बरीचशी माहिती माफीच्या साक्षीदारांकडून आलेली होती. फाशी टळावी म्हणून बोलणारा मनुष्य ऐकणाऱ्याला हवे ते सांगण्याचा संभव असतो. म्हणूनच ठगांची देशव्यापी, धर्मबद्ध संघटना होती, या समजुतीविषयी अलीकडच्या अनेक इतिहासकारांनी शंका घेतल्या आहेत. वाटमारी आणि खून घडत होते, यात संशय नाही. परंतु त्यांभोवतीचे गूढ वलय कितपत खरे, हे कादंबरीवरून ठरविता येत नाही. ज्यांच्या जबान्यांतून ते वलय उभे राहिले, त्यांपैकी कित्येकांचे उरलेले आयुष्य जबलपूरच्या उद्योगशाळेत तंबू आणि गालिचे तयार करण्यात गेले.