सामू आणि सोरेनसेन

माती परीक्षणाच्या अहवालात 'सामू' या नावाखाली एक आकडा दिलेला असतो. पुष्कळ शेतकरी बंधू त्यावरून नजर फिरवून थेट खतांच्या मात्रेकडे वळतात. वस्तुतः दिलेले खत पिकाच्या मुखी कितपत लागेल, हे बऱ्याच अंशी याच आकड्यावर अवलंबून असते. तो ज्यांनी शोधून काढला ते सोरेन सोरेनसेन स्वतः शेतकऱ्याचे पुत्र होते.

त्यांचा जन्म ९ जानेवारी १८६८ रोजी डेन्मार्कमधील एका खेड्यात झाला. कोपनहेगन विद्यापीठात ते प्रथम वैद्यक शिकू लागले. परंतु लवकरच रसायनशास्त्राकडे वळले. १९०१ साली ते कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेच्या रसायन विभागाचे प्रमुख झाले. ही प्रयोगशाळा एका बीअर कारखानदाराने स्थापिली होती. तथापि तेथील महत्त्वाचे शोध गुप्त न ठेवता प्रसिद्ध करावेत, असा त्याचा दंडक होता.

सजीवांतील रासायनिक क्रिया घडविणाऱ्या विकरांचा अभ्यास करताना सोरेनसेन यांना एक अडचण जाणवली. द्रवात एकूण आम्ल किती आहे, हे मोजून भागत नव्हते. विकरांच्या कार्याचा वेग द्रवातील हायड्रोजनच्या मोकळ्या विद्युतभारित कणांवर अवलंबून होता. हे प्रमाण अतिसूक्ष्म असते. एक लिटर शुद्ध पाण्यात असे कण एका ग्रॅमचा एक कोटीवा भाग एवढेच असतात. एकावरील सात शून्ये लिहीत बसण्यापेक्षा '७' एवढेच लिहावे, अशी सुटसुटीत रीत त्यांनी १९०९ साली मांडली. त्यांच्या संशोधनात पत्नी मार्गरेट यांचेही साहाय्य होते. १२ फेब्रुवारी १९३९ रोजी ते निवर्तले.

सात हा उदासीन सामू होय. त्याखालील जमीन आम्लधर्मी व त्यावरील विम्लधर्मी. येथे एक गोष्ट ध्यानी ठेवावी: एका अंकाचा फरक म्हणजे दहापट, दोन अंकांचा शंभरपट. म्हणून ७.५ आणि ८.५ यांत 'थोडेच अंतर' आहे असे समजू नये.

साधारणतः ६.५ ते ७.५ सामू असता बहुतेक अन्नद्रव्ये पिकास सुलभतेने मिळतात. चुनखडीच्या विम्लधर्मी जमिनीत लोह असूनही मुळांना ते घेता येत नाही. उसाची कोवळी पाने पिवळी-पांढरी पडतात व 'केवडा' दिसतो. अशा वेळी युरियाची पोती ओतणे म्हणजे पैसा मातीत घालणे होय. तेथे शेणखतात मिसळलेले हिराकस उपयोगी पडते. चोपण जमिनीस जिप्सम व निचरा हवा, तर कोकणातील आम्लधर्मी जांभ्या जमिनीस चुना. मात्रा मात्र परीक्षणावरूनच ठरवावी.

गावोगावच्या कार्यकर्त्यांनी अहवाल शेतकऱ्याच्या हाती देताना प्रथम सामूवर बोट ठेवावे, त्याचा अर्थ सांगावा आणि मगच खताची चर्चा करावी.