साताऱ्याची वस्त्रे

हिंदीत ज्यांना प्रधानमंत्री म्हणतात, त्यांना आपण मराठीत पंतप्रधान म्हणतो. रोजच्या बातम्यांनी हा शब्द इतका गुळगुळीत झाला आहे की तो कुठून आला, हे कोणाच्या मनातही येत नाही. तो आला शनिवारवाड्यातून. पुण्यात बसून अर्ध्या हिंदुस्थानची उलाढाल करणारा पेशवा स्वतःला राजा म्हणवत नव्हता. तो होता पंतप्रधान, साताऱ्याच्या छत्रपतींचा मुख्य प्रधान. त्याच्या शिक्क्यातही आधी राजाचे नाव, मग ‘नरपति हर्षनिधान’, त्यानंतर पेशव्याचे नाव आणि शेवटी ‘मुख्य प्रधान’. हा शिक्का कागदाच्या माथ्यावर उमटायचा. मजकूर संपला की तळाशी छोटे मोर्तब, म्हणजे मागाहून कोणी एखादी ओळ घुसडायला नको. एखादी गोष्ट पक्की झाली की आपण आजही तिच्यावर ‘शिक्कामोर्तब झाले’ म्हणतो.

असे कागद पुण्यात हजारोंनी आहेत. कौन्सिल हॉलजवळच्या पुराभिलेखागारात पेशवे दफ्तर आहे. तिथे कापडात बांधलेले गठ्ठे रांगांनी मांडलेले असतात. त्यांना रुमाल म्हणतात. आत मोडीतल्या सरसर धावणाऱ्या ओळी: गावांचे वसूल, कोठीचे खर्च, निवाडे, इनामपत्रे, दानधर्म. कोणाला किती शेर तांदूळ दिला, तेही सापडेल. पण ‘आमचे राज्य असे चालेल, राजाचे अधिकार इतके, प्रधानाचे तितके, आणि हे बदलायचे तर असे बदलावे’ असे एका जागी सांगणारा, सर्वांना बांधील असलेला कागद मात्र नाही. शिवछत्रपतींच्या वेळचा कानुजाबता आठ प्रधानांची कामे सांगतो. रामचंद्रपंत अमात्यांचे आज्ञापत्र राजनीतीचा उत्तम पाठ देते. पण राज्यघटना म्हणून बोट ठेवावे असे त्यांतले एकही नाही.

मला याचे नवल वाटत आले आहे. मराठी राज्याने शंभर-सव्वाशे वर्षांत आपली घटना मुळापासून बदलली, आणि एकदा नव्हे तर अनेकदा बदलली. जी घटना लिहिलेलीच नाही, तिची दुरुस्ती करतात तरी कशी?

हा प्रश्न एकट्या मराठ्यांचा नव्हता. ब्रिटनची राज्यघटना आजही एका पुस्तकात बांधलेली नाही. काही कायदे, काही निवाडे आणि बराचसा रिवाज, यांवर तिथले राज्य चालते. दोन्हीकडच्या तारखा शेजारी मांडल्या की अंगावर शहारा येतो. जानेवारी १७०८ मध्ये साताऱ्याला शाहू महाराजांचा राज्याभिषेक झाला. त्याच वर्षी मार्चमध्ये लंडनला राणी अ‍ॅनने स्कॉटलंडच्या नागरी सैन्याविषयीच्या विधेयकाला संमती नाकारली. त्यानंतर आजवर एकाही ब्रिटिश राजाने संमती नाकारलेली नाही. नाकारू नये असा कायदा कुठेच नाही, फक्त तसे कोणी केले नाही, आणि न करता करता तोच नियम होऊन बसला. एप्रिल १७२० मध्ये शाहूंनी एकोणीस वर्षांच्या बाजीरावाला पेशवाई दिली. पुढच्याच वर्षी तिकडे रॉबर्ट वॉलपोल कारभारी झाला. त्यालाच आज ब्रिटनचा पहिला पंतप्रधान मानतात. तिथल्या कायद्यात पंतप्रधान हे पद प्रथम उमटले ते थेट १९१७ साली, तेही चेकर्स नावाचा गावाकडचा वाडा त्या पदाला देण्यासाठी केलेल्या कायद्यात! राजाच्या हातातली सत्ता त्याच्या प्रधानाकडे सरकत गेली, सातारा-पुण्यात आणि लंडनमध्येही. तसा ठराव मात्र कुठेच झाला नव्हता.

आपल्याकडे ती कशी सरकली, ते जवळून पाहण्यासारखे आहे.

शिवाजी महाराजांच्या वेळी प्रधान पगारी होते. पेशव्याला सालाचे पंधरा हजार होन, अमात्याला बारा, बाकीच्यांना दहा. पद बापाकडून मुलाकडे आपोआप जात नसे. मग मोगलांचा वेढा आवळला, राजाराम महाराज जिंजीला गेले आणि राज्य वाचवण्याच्या धडपडीत दोन गोष्टी घडल्या. आठ प्रधानांच्या वर ‘प्रतिनिधी’ हे नवेच पद निघाले आणि सरदारांना मुलूख तोडून देणे सुरू झाले. आणीबाणीतली ही सोय पुढे हक्क झाली आणि पदे घराण्यांची झाली. वंशाने आलेला अधिकार काढून घेणे किती अवघड असते, ते ब्रिटिशांनाही ठाऊक आहे. त्यांना वंशपरंपरागत लॉर्डांना वरिष्ठ सभागृहातून काढायला १९९९ साल उजाडले, आणि तेव्हाही ९२ जण आत राहिलेच.

खरी घटनादुरुस्ती मात्र एका हिशेबात आहे. १७१९ साली पेशवे बाळाजी विश्वनाथ दिल्लीहून स्वराज्य, चौथाई आणि सरदेशमुखी यांच्या सनदा घेऊन आले. आता या चौथाईची वाटणी कशी करायची? शंभरातले पंचवीस राजाचे, ती राजबाबती. सहा सचिवांचे, ती सहोत्रा. तीन नाडगौडा म्हणून राजाने मर्जीने कोणालाही द्यावेत. उरलेले सहासष्ट मोकासा, म्हणजे फौज बाळगणाऱ्या सरदारांचे. वरवर हा वसुलाचा तक्ता आहे. पण शंभरातले सहासष्ट ज्याच्या तलवारीकडे जातात, त्याच्याकडे राज्यही जाते. शिंदे, होळकर, गायकवाड पुढे आपापल्या मुलखात धनी कसे झाले, त्याचे बीज या आकड्यांत आहे. असला बदल ना दरबारात वाचला गेला, ना त्यावर वाद झाला. तो कारकुनाच्या बेरजेतून आत आला.

डिसेंबर १७४९ मध्ये शाहू महाराज निपुत्रिक वारले. त्यांच्या हातच्या दोन चिठ्ठ्या पुढे आल्या. राज्य पेशव्याने चालवावे, असा त्यांचा आशय. दत्तक म्हणून ताराबाईंचा नातू रामराजा गादीवर आला. पुढच्या सप्टेंबरात सदाशिवरावभाऊ त्याला बरोबर घेऊन सांगोल्याचे बंड मोडायला गेले आणि तिथेच तो प्रसिद्ध करार झाला. राज्याचा कारभार पेशव्याकडे, राजाकडे साताऱ्याभोवतालचा थोडा मुलूख. मराठी राज्याची इतकी मोठी घटनादुरुस्ती राजधानीत नव्हे, सोलापूरकडच्या एका गढीच्या मोहिमेत झाली. ताराबाईंना ती मान्य नव्हती. पंचाहत्तरीतल्या त्या बाईंनी दोनच महिन्यांत नातवाला साताऱ्याच्या किल्ल्यात कैद केले. १७५२ साली तर जेजुरीला खंडोबासमोर शपथ घेऊन सांगितले की हा आपला नातूच नव्हे.

आता गंमत पाहा. ज्या आजीच्या शब्दावर राजा गादीवर आला होता, तिनेच शपथेवर तो शब्द मोडला. मग राजा गेला का? नाही. तो राजाच राहिला. कैदेतला, अधिकार नसलेला, ज्याच्या रक्ताविषयी जाहीर संशय घेतला गेला असा राजा. आणि जून १७६१ मध्ये पानिपतच्या दुःखात नानासाहेब पेशवे पर्वतीवर वारले, तेव्हा सोळा वर्षांचे माधवराव पेशवाईची वस्त्रे आणायला साताऱ्यालाच गेले, आणि ती मिळाली ती याच राजाच्या नावाने. फौज पुण्याची, खजिना पुण्याचा, तरी साताऱ्याहून वस्त्रे आणि शिक्के-कट्यार मिळाल्याशिवाय पेशवा पेशवा होत नव्हता. असे कुठे लिहिले होते? कुठेच नाही. मोडण्याची ताकद असूनही ते कोणी मोडले नाही.

शनिवारवाड्याच्या तटाशी कधी गेलात तर थोडे थांबा. खाली घडीव दगड आणि वर विटा. एक गोष्ट सांगतात, की दगडी कोट बांधण्याचा मान राजाचा म्हणून साताऱ्याहून हरकत आली आणि वरचे काम विटांचे झाले. गोष्टीला कागदाचा आधार किती, हा वेगळा विषय. पण पुणेकरांनी ती पिढ्यान्‌पिढ्या सांगितली, तीच मला मोलाची वाटते. पेशव्याची सत्ता कुठवर, हे लोकांना दगड-विटांच्या त्या रेषेत दिसत होते.

या रिवाजाचा कस लागला तो १७७३ साली. ३० ऑगस्टला शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. त्यानंतर त्यांचे काका रघुनाथराव यांनी साताऱ्याहून वस्त्रे मिळवली. रीतीने पाहिले तर ते पेशवे झाले. आता वस्त्रे मिळालेल्या पेशव्याला काढायचे कसे? त्याची रीतच नव्हती, कारण तशी वेळ कधी आली नव्हती. सखारामबापू बोकील, नाना फडणीस, हरिपंत फडके आणि त्यांच्या साथीदारांनी बारभाई उभी केली. नारायणरावांच्या पत्नी गंगाबाई गरोदर होत्या. त्यांना पुरंदरावर नेले आणि त्यांच्या नावाने कारभार सुरू झाला. अजून जन्मालाही न आलेल्या जिवासाठी राज्य राखून ठेवले होते! १८ एप्रिल १७७४ ला मुलगा झाला आणि चाळीस दिवसांच्या त्या बाळाला साताऱ्याची वस्त्रे मिळाली. ज्याला मानही धरता येत नव्हती, तो सवाई माधवराव पेशवा झाला.

बारभाईंनी केले ते बंड होते की घटनादुरुस्ती? माझ्या मते दुरुस्तीच, आणि विलक्षण धाडसाची. प्रधानपदही आता एका माणसाच्या हातून मंडळाच्या हाती गेले. राजाच्या नावाने पेशवा, पेशव्याच्या नावाने कारभारी. पण त्यांनी एकही जुनी वीट काढली नाही. गादी तीच, वस्त्रे तीच, शिक्का तोच. लिहिलेल्या घटनेत जुने कलम खोडून नवे घालतात. न लिहिलेल्या घटनेत जुने तसेच ठेवून त्याच्या आत नवे वसवतात, आणि वर म्हणतात की पूर्वापार असेच चालत आले आहे.

तो रिवाज किती खोल गेला होता, ते १७९२ साली दिसले. महादजी शिंदे दिल्लीच्या बादशहाकडून पेशव्यांसाठी वकील-इ-मुतलकची, म्हणजे बादशहाच्या सर्वाधिकारी प्रतिनिधीची, सनद आणि मोठमोठे किताब घेऊन पुण्यात आले. त्या किताबांत ‘महाराजाधिराज’ असे बिरुद होते. ते नाना फडणीसांना खटकले. महाराज साताऱ्याला असताना त्यांच्या प्रधानाने हे बिरुद लावावे कसे? शेवटी साताऱ्याहून रीतसर परवानगी आली, तेव्हाच समारंभ झाला. दिल्लीचा बादशहा महादजींच्या आधारावर, साताऱ्याचा राजा पुण्याच्या नेमणुकीवर. एका पराधीन राजाने दिलेला मान घ्यायला दुसऱ्या पराधीन राजाची संमती! ज्यांच्या हाती सगळी सत्ता होती, त्यांनी ती आदराने मागितली. मला यात ढोंग दिसत नाही. सर्वांनी मानलेली एक रेष पुसली तर उद्या आपल्यालाही उभे राहायला जागा उरणार नाही, हे नानांइतके कोणाला कळत होते?

पण या सुंदर यंत्राची एक बाजू मन पोळते. रिवाजावर चालणाऱ्या राज्यात ज्याला रिवाजाने आधीच जागा दिली, त्यालाच हक्क असतो. गावकुसाबाहेर ज्यांना रिवाजानेच ठेवले होते, त्यांनी दाद मागायची ती कोणत्या कागदावर बोट ठेवून? ४ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीत डॉ. आंबेडकरांनी सांगितले की घटनात्मक नीतिमत्ता माणसात उपजत नसते, ती जोपासावी लागते. राज्यकारभाराचे बारीक तपशीलही घटनेत का घातले, त्याचे एक कारण त्यांनी हेच दिले. ‘समजून घेतील’ या भरवशावर ज्यांची आयुष्ये गेली, त्यांच्यासाठी शब्दन्‌शब्द लिहून ठेवणे हाच न्याय होता.

पुण्याची ती न लिहिलेली घटना अखेर वाचली ती एका परक्याने, आणि ती त्याला चांगलीच लागली. नोव्हेंबर १८१७ मध्ये शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण चढले. दुसरा बाजीराव पळाला, पण जाताना एक गोष्ट विसरला नाही. छत्रपती प्रतापसिंहांना आणि त्यांच्या घरच्यांना त्याने आपल्या छावणीत आणवून घेतले. तोफा मागे राहिल्या तरी चालतील, राजा मागे राहता कामा नये. राजा ज्याच्याजवळ, त्याचीच पेशवाई. इंग्रजांच्या माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनलाही हे ठाऊक होते. फेब्रुवारी १८१८ मध्ये इंग्रजांनी साताऱ्याचा किल्ला घेतला आणि त्याने जाहीरनामा काढला की बाजीरावाला दूर करून छत्रपतींना त्यांच्या गादीवर बसवण्यात येईल. सत्तर वर्षे पुण्याने ज्या राजाचे नाव शिक्क्याच्या माथ्यावर जपले, त्याच नावाने पुण्याची सत्ता उठवली गेली.

२० फेब्रुवारीला सोलापूरकडे आष्टीला गाठ पडली. बापू गोखले लढता लढता पडले. बाजीराव निसटला. छत्रपती मात्र इंग्रजांच्या हाती आले. एप्रिलमध्ये त्यांना साताऱ्याला गादीवर बसवले. गादीवर बसलेल्या राजाने आपल्या मुख्य प्रधानाला वस्त्रे द्यायची, ही शतकभराची रीत. त्या एप्रिलात राजा होता, गादी होती, दरबारही भरला. वस्त्रे घ्यायला पुण्याहून कोणी आले नाही.