ऊब लागते म्हणजे नक्की काय होतं?

ऑफिसचा एसी फुल्ल, बोटं गारठलेली आणि हातात वाफाळत्या कॉफीचा मग. आहाहा! पण हे ‘आहाहा’ कुठून येतं, कधी विचार केलाय?

उत्तर मिसळीच्या प्लेटमध्ये आहे. झणझणीत घास खाल्ला की आपण म्हणतो, ‘तोंडात आग झाली.’ ही नुसती बोलायची पद्धत नाही, त्यामागे चक्क सायन्स आहे. आपल्या मज्जातंतूंवर प्रथिनांचे अतिसूक्ष्म दरवाजे असतात. अमेरिकेतल्या डेव्हिड ज्युलियस यांच्या टीमने १९९७मध्ये त्यातला एक शोधला. नाव टीआरपीव्ही-१. तापमान साधारण ४३ अंश सेल्सिअसच्या वर गेलं की तो उघडतो, कॅल्शियमसारखे आयन आत शिरतात आणि मेंदूला मेसेज जातो, ‘भाजतंय!’ गंमत म्हणजे मिरचीतलं कॅप्सेसिनही हाच दरवाजा उघडतं. बिचाऱ्या मेंदूला फरक कसा कळणार? थंडीचा दरवाजा वेगळा, टीआरपीएम-८. तो मेन्थॉलनेही उघडतो. या कामासाठी ज्युलियस यांना २०२१चं नोबेल मिळालं, स्पर्शाचे दरवाजे शोधणाऱ्या आर्डेम पॅटापुटियन यांच्यासोबत.

आणि कॉफीच्या मगाची हवीहवीशी ऊब? तिचा फंडा जरा हटके आहे. उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं, की ऊब कळायला उष्णतेचे तंतू जागे व्हावे लागतातच, पण गारव्याचे तंतू गप्पही बसावे लागतात!

हे सगळं मी वाचायला घेतलं ते माझ्या आत्यामुळे. तिला बरीच वर्षं डायबेटिस आहे. मागच्या हिवाळ्यात ती पायाशी गरम पाण्याची पिशवी घेऊन झोपली. सकाळी पायावर मोठा फोड, आणि तिला रात्रभर काही जाणवलंच नाही. डायबेटिसमुळे मज्जातंतू खराब झाले की मेसेजच पोचत नाही. त्वचा मात्र भाजायची ती भाजतेच.

म्हणून आता आमच्या घरी आत्याच्या पायांना पिशवी बंद, मोजे चालू. आंघोळीचं पाणी पायाने नाही, कोपराने किंवा थर्मामीटरने तपासायचं. आणि वर्षातून एकदा डॉक्टरांकडून पायांची संवेदना तपासून घ्यायची. तुमच्याही आई-बाबांना शुगर असेल, तर आज फोनवर ‘जेवलात का?’च्या जोडीला एवढंही विचारा, ‘पायाला गरम-गार नीट कळतंय ना?’