बाबासाहेबांची पेढी आणि मोबाईलची घंटी

गोदावरीकाठचे पुणतांबा हे अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातील राहाता तालुक्याचे गाव. चांगदेवांच्या समाधीमुळे ते वारकऱ्यांना ठाऊक होते आणि दौंड-मनमाड मार्गावरील जंक्शन म्हणून प्रवाशांना. २०१७ साली मात्र ते साऱ्या देशाला ठाऊक झाले. एप्रिल महिन्यात इथल्या ग्रामसभेने शेतकऱ्यांच्या संपाचा ठराव केला आणि १ जूनपासून महाराष्ट्रात दूध-भाजीपाला शहरात जायचा थांबला. त्याच महिन्यात सरकारला ३४ हजार कोटींची कर्जमाफी जाहीर करावी लागली. त्या संपाच्या मुळाशी एकच प्रश्न होता : आमच्या मालाचा भाव कोण ठरवतो?

प्रश्न रास्त होता. परंतु ज्याच्याकडे मालच नाही त्याने काय रोखून धरायचे? ज्याची दोन वेळची चूल दुसऱ्याच्या बांधावरच्या मजुरीवर पेटते, तो भूमिहीन माणूस त्या संपात कुठे होता? त्याच्या श्रमाचा भाव कोण ठरवतो, हे त्याला कोणी विचारले नाही. आज त्याच माणसाच्या शिकलेल्या मुलाच्या हातात मोबाईल आहे आणि त्या मोबाईलमध्ये शेअर बाजार आहे. पुणतांब्याच्या फलाटावर गाडीची वाट पाहत बसलेला असा एक तरुण डोळ्यांपुढे आणा. पदवी झाली आहे, भरतीच्या जाहिरातीची वाट पाहून वय निघून चालले आहे. मोबाईलच्या पडद्यावर लाल-हिरव्या कांड्या नाचताहेत, खाली एक रेघ वर-खाली होते आहे. मध्येच घंटी वाजते : ‘आरएसआय तीसच्या खाली’. तो घाईघाईने एक ‘कॉल’ विकत घेतो. असे तरुण आज फक्त पुणतांब्यात नाहीत, तालुक्या-तालुक्यात आहेत. म्हणूनच आंबेडकरी वाचकांनी या विषयाकडे ‘तो शेठजींचा धंदा’ म्हणून पाठ फिरवणे आता परवडणारे नाही.

मुळात तो फक्त शेठजींचा धंदा कधीच नव्हता. १९१७ साली बाबासाहेब परदेशातून शिकून बडोद्याच्या नोकरीवर गेले. तिथे राहायला जागा मिळेना, पारशी धर्मशाळेतून त्यांना हाकलण्यात आले आणि ते मुंबईला परतले. पोटापाण्यासाठी त्यांनी जे उद्योग केले त्यात एक उद्योग होता शेअर आणि रोख्यांच्या व्यवहारात सल्ला देणारी पेढी काढण्याचा. कोलंबियात अर्थशास्त्र शिकलेला माणूस सल्ला देतो म्हटल्यावर गिऱ्हाईक येऊ लागले. पण सल्ला देणारा महार आहे असे कळताच गिऱ्हाईक फिरकेनासे झाले आणि पेढी बंद पडली. चरित्रकारांनी नोंदवलेली ही घटना आहे. सल्ला चुकला म्हणून ती पेढी बुडाली नाही, सल्लागाराची जात कळली म्हणून बुडाली. त्यानंतर नोव्हेंबर १९१८ मध्ये ते सिडनहॅम महाविद्यालयात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले.

आज चित्र वरवर उलटे दिसते. डिमॅट खाते उघडताना आधार लागते, पॅन लागते, जात लागत नाही. पडद्यावर सौदा टाकला की समोरच्याला तुमचे आडनाव कळत नाही. गावच्या पाणवठ्यापासून नोकरीच्या मुलाखतीपर्यंत ज्याला आडनाव आडवे आले, त्याला हा बाजार मोकळा वाटला तर त्यात नवल ते काय? या ओढीची टवाळी करण्याचा अधिकार कोणालाही नाही. पण प्रश्न असा आहे की, या बाजाराने आपल्याला कोणत्या दाराने आत घेतले? बाबासाहेब सल्लागाराच्या खुर्चीवर बसायला गेले होते. आपल्या पोरांना मात्र गिऱ्हाईकाच्या बाकावर बसवले आहे.

आता ती घंटी काय सांगते ते नीट समजून घेऊ. चार्टवरची ‘कँडल’ म्हणजे ठरावीक वेळेतले चार भाव : सुरुवातीचा, शेवटचा, सर्वांत वरचा आणि सर्वांत खालचा. ही पद्धत जपानातल्या तांदळाच्या व्यापारातून आली असे मानले जाते. आरएसआय हे मापक वेल्स वाइल्डर या अमेरिकन माणसाने १९७८ साली पुस्तकात मांडले. त्याचे गणित सातवी-आठवीच्या मुलाला जमेल असे आहे. मागच्या चौदा दिवसांत भाव सरासरी किती चढला आणि सरासरी किती उतरला, यांचा भागाकार करायचा. चढ सरासरी ३ रुपये आणि उतार १ रुपया असेल तर भागाकार ३. त्यात १ मिळवून ४, शंभरला चाराने भागून २५, ते शंभरातून वजा करून ७५. सत्तरच्या वर गेले की म्हणायचे ‘ओव्हरबॉट’, म्हणजे खरेदी फार झाली. तीसच्या खाली आले की ‘ओव्हरसोल्ड’, म्हणजे विक्री फार झाली. मूव्हिंग अॅव्हरेज म्हणजे मागच्या पन्नास किंवा दोनशे दिवसांच्या भावाची सरकती सरासरी. एमएसीडी म्हणजे अशाच दोन सरासऱ्यांमधला फरक. आणि अलर्ट म्हणजे यांपैकी एखादा आकडा आपण आखलेल्या रेघेपलीकडे गेला की वाजणारी घंटी.

बस, एवढेच. या सगळ्या गणितात जाणारा माल एकच आहे : होऊन गेलेला भाव. त्यात उद्याचा एक पैसाही नाही.

कांद्याचे उदाहरण घ्या, म्हणजे पुणतांब्याच्या माणसाला लगेच पटेल. समजा, कांद्याच्या भावाचा असा चार्ट मांडला असता, ऑगस्ट २०२३ मध्ये सगळ्या रेघा वर जाताना दिसल्या असत्या. पण १९ ऑगस्टला केंद्राने कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावले आणि डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्याच्या तोंडावर निर्यातच बंद केली. भाव कोसळले. हा निर्णय कोणत्या आरएसआयमध्ये दिसला असता? सोयाबीन आणि हरभऱ्याच्या वायद्यांचे चार्ट पाहणाऱ्यांचे तर चार्टच थांबले. २० डिसेंबर २०२१ रोजी सेबीने सोयाबीन, हरभरा, गहू, मोहरी यांच्यासह सात शेतमालांचे वायदे बंद केले आणि ती बंदी पुढे वारंवार वाढवली. भाव रेघांमुळे बदलत नाही. तो पाऊस, धोरण, व्याज, युद्ध, नफा-तोटा आणि मोठ्या पैशाच्या हालचालींमुळे बदलतो. रेघ नंतर उमटते.

मग त्या घंटीवर सौदा करणाऱ्यांचे काय झाले? याचे उत्तर भावनेने नव्हे, आकड्यांनी द्यावे लागेल, आणि ते आकडे बाजाराची नियामक संस्था असलेल्या सेबीनेच दिले आहेत. सप्टेंबर २०२४ मध्ये सेबीने फ्युचर्स-ऑप्शन्सचा अभ्यास प्रसिद्ध केला. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत सौदे केलेल्या एक कोटीहून अधिक वैयक्तिक सौदेकऱ्यांपैकी ९३ टक्के लोक तोट्यात गेले. खर्च धरून तोटा माणशी सरासरी सुमारे दोन लाख. एकूण तोटा १ लाख ८० हजार कोटींच्या वर. नुसत्या दलाली-कर-शुल्कापोटी या लोकांनी तीन वर्षांत सुमारे ५० हजार कोटी मोजले. २०२३-२४ मध्ये तिशीच्या आतल्यांचे प्रमाण ४३ टक्क्यांवर गेले होते आणि पंचाहत्तर टक्क्यांहून अधिक सौदेकऱ्यांनी आपले वार्षिक उत्पन्न पाच लाखांच्या आत सांगितले होते. पुढच्या वर्षीही, म्हणजे २०२४-२५ मध्ये, ९१ टक्के लोक तोट्यातच राहिले.

दोन लाख म्हणजे किती, ते मजुराच्या मापाने मोजा. २०२४-२५ साली रोजगार हमीची महाराष्ट्रातली मजुरी दिवसाला २९७ रुपये होती. दोन लाख म्हणजे ६७३ दिवसांची मजुरी. आईने पावणेदोन वर्षांहून अधिक काळ एकही खाडा न करता खुरपले तर जेवढे मिळेल, तेवढे पोराने मोबाईलवर बोट फिरवून घालवायचे!

आणि गेलेला पैसा हवेत विरत नाही. वायदे-ऑप्शनच्या व्यवहारात एकाचा तोटा हाच दुसऱ्याचा नफा असतो आणि दोघांच्या खिशातून दलाली व कर जातो. सेबीच्याच अभ्यासानुसार २०२३-२४ मध्ये स्वतःच्या भांडवलावर सौदे करणाऱ्या बड्या पेढ्यांनी सुमारे ३३ हजार कोटी आणि परदेशी गुंतवणूक संस्थांनी सुमारे २८ हजार कोटींचा ढोबळ नफा कमावला. त्यातला ९५ टक्क्यांहून अधिक नफा संगणकाने आपोआप केलेल्या सौद्यांतून आला. म्हणजे फलाटावरच्या तरुणाच्या मोबाईलमध्ये घंटी वाजून तो खिशातून फोन काढेपर्यंत समोरच्या यंत्राचा सौदा होऊन गेलेला असतो. घंटी दोघांकडे आहे हे खरे, पण एकाकडे घंटी आहे आणि दुसऱ्याकडे घंटीसकट अख्खे देऊळ आहे.

बाबासाहेबांनी नेमका हाच धडा शिकवला होता. १९२३ साली प्रसिद्ध झालेल्या रुपयाच्या प्रश्नावरील ग्रंथात आणि १९२५ साली हिल्टन-यंग आयोगापुढील साक्षीत त्यांनी चलनाच्या दराची चिकित्सा केली. दर घसरला म्हणजे देशाचा फायदा, असे व्यापारी-उद्योजक सांगत होते. बाबासाहेबांनी विचारले, फायदा कोणाचा आणि कोणाच्या खिशातून? महागाई वाढते आणि मजुरी मागे राहते, तेव्हा एका वर्गाचा नफा दुसऱ्या वर्गाच्या पोटातून निघतो, हे त्यांनी दाखवून दिले. भाव पाहू नका, भावामागचा माणूस पाहा, ही ती दृष्टी आहे. कोणत्याही इंडिकेटरमध्ये ती सापडत नाही.

आपल्या माणसांना एक गोष्ट स्पष्ट विचारली पाहिजे. आपण पंचांग टाकले, मुहूर्त टाकला, कुडमुड्या जोशाला दारातून परत पाठवले. शेअर बाजार स्वतः मात्र अजूनही दिवाळीला ‘मुहूर्ताचे सौदे’ करतो, तो त्यांचा प्रश्न आहे. पण पंचांग टाकलेल्या माणसाने चौदा दिवसांच्या सरासरीला भविष्यवाणी मानावे काय? कोणी सांगितले म्हणून, परंपरेने आले म्हणून मानू नका, अनुभवाने तपासून घ्या, असे तथागतांनी कालामांना सांगितले. मग समाजमाध्यमावर भाड्याच्या मोटारीसमोर उभे राहून ‘नव्वद टक्के अचूक सिग्नल’ विकणाऱ्या बाबाला पैसे देताना ती तपासणी कुठे जाते? याच जिल्ह्यात शेवगाव तालुक्यात, शेअर बाजारातून भरघोस परतावा देतो असे सांगून ठेवी गोळा करणारे पसार झाल्याच्या तक्रारी २०२४ साली पोलिसांत गेल्या. ठेवी देणारे साधे शेतकरी आणि नोकरदार होते.

याचा अर्थ बाजाराकडे फिरकूच नये असा कोणी काढू नये. तसे सांगणे म्हणजे आणखी एक दार आपल्याच हाताने बंद करणे होय. १९१८ साली शेतीच्या लहान तुकड्यांवर लिहिताना बाबासाहेबांनी सांगितले होते की, शेतीवरचा माणसांचा बोजा उद्योगाकडे वळवल्याशिवाय गत्यंतर नाही. उद्योगाची मालकी शेअरच्या रूपाने विकली जाते आणि त्या मालकीत आपला वाटा असलाच पाहिजे. परंतु वर्षानुवर्षे कंपनीचा ताळेबंद वाचून थोडा-थोडा वाटा घेणे वेगळे आणि आठवड्यात मुदत संपणाऱ्या ऑप्शनवर घंटी ऐकून डाव लावणे वेगळे. इंडिकेटरचाही उपयोग आहे, तापमापकाइतका. ताप किती आहे ते तो सांगतो, रोग कोणता ते सांगत नाही. आपण ठरवलेल्या मर्यादेपलीकडे तोटा जाऊ लागला की सावध करणारा अलर्ट लावणे शहाणपणाचे आहे. घंटी वाजली म्हणून सौदा करणे शहाणपणाचे नाही.

तेव्हा काही गोष्टी आजच करता येतील. कर्ज काढून, बचतगटाचे पैसे उचलून किंवा बहिणीच्या लग्नाची पुंजी लावून सौदा करायचा नाही, हा पहिला नियम. सल्ला देणाऱ्याची सेबीकडे नोंदणी आहे का, हे सेबीच्या यादीत पाहिल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत, हा दुसरा. फसवणूक झाली तर लाजेने गप्प न बसता तत्काळ १९३० या सायबर मदत क्रमांकावर कळवायचे, हा तिसरा. जो आधीच बुडाला आहे त्याला घरच्यांनी टोचून बोलू नये. गेलेले भरून काढण्यासाठी तो पुन्हा डाव लावतो आणि आणखी खोलात जातो. सेबीच्या अभ्यासात तोट्यात गेलेल्यांपैकी तीनचतुर्थांशाहून अधिक लोक पुन्हा सौदे करतच राहिले आहेत.

आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट. रायगड जिल्ह्यात पाताळगंगा येथे राष्ट्रीय रोखे बाजार संस्था आहे. तिच्या परीक्षा देऊन पदवीधर तरुणाला संशोधन-विश्लेषक म्हणून सेबीकडे रीतसर नोंदणीचा मार्ग धरता येतो. आपल्या बुद्धविहारांत स्पर्धा परीक्षेचे वर्ग चालतात, तसा आठवड्यातून एक दिवस ताळेबंद वाचायचा वर्ग का चालू नये? वाणिज्य शाखेचा एक शिक्षक, बँकेतला एक निवृत्त कर्मचारी आणि दहा मुले एवढे पुरेसे आहे.

पुणतांब्याने २०१७ साली विचारले, भाव कोण ठरवतो? तो प्रश्न आता मोबाईल हातात घेतलेल्या भूमिहीनाच्या पोराने विचारायचा आहे आणि उत्तर मिळेपर्यंत बोट आवरायचे आहे. शंभर वर्षांपूर्वी गिऱ्हाईकांनी जात पाहून बाबासाहेबांची पेढी बंद पाडली. ती पेढी पुन्हा उघडायची आहे. त्यासाठी गिऱ्हाईक होऊन चालणार नाही, जाणकार व्हावे लागेल.