खोलीतला टोन स्टेजवर का हरवतो?

नवा गिटार प्रोसेसर घरात आला की पहिली संध्याकाळ ठरलेली. हेडफोन कानाला, आणि कंपनीने भरून दिलेले प्रीसेट एकामागून एक. प्रत्येक भारदस्त वाटतो: खाली घुमणारा बास, वर चमकणारं ट्रेबल, मागे रिव्हर्बचा पसारा. एकट्याने ऐकल्यावर भुरळ पडावी म्हणूनच ते तसे सजवलेले असतात. पण तोच टोन बँडमध्ये लावला की ड्रम सुरू होताच गिटार गायब! आवाज वाढवला तर नुसता कल्ला वाढतो.

याचं अर्धं उत्तर आपल्या कानात आहे. बेल लॅबोरेटरीजच्या हार्वे फ्लेचर आणि विल्डेन मन्सन यांनी 1933 मध्ये दाखवून दिलं, की कान सगळ्या वारंवारता सारख्या ऐकत नाही. तीन-चार हजार हर्ट्झच्या आसपास तो सर्वांत तिखट, बासच्या बाबतीत बराच मठ्ठ. आणि आवाज जितका हळू, तितका हा मठ्ठपणा जास्त. शेजाऱ्यांच्या धाकाने रात्री हळू आवाजात प्रीसेट बसवताना आपण नकळत बास चढवून ठेवतो. स्टेजवर तोच अंगावर येतो. म्हणून टोन ठरवायचा तो शक्यतो ज्या आवाजात वाजवायचं, त्याच आवाजात.

उरलेलं उत्तर गिटारमध्ये आहे. जाड ई तार मोकळी छेडली तर मूळ स्वर 82 हर्ट्झचा, बारीक ई तारेचा 330 चा. बास गिटारची सर्वांत खालची तार 41 हर्ट्झवर असते, किक ड्रमही त्याच तळघरात. तेव्हा 80-100 हर्ट्झच्या खालचं गिटारमधून कापून टाकलं तर बँडमध्ये कुणाला चुकल्यासारखं होत नाही. वरच्या टोकाला, गिटार अँपचा बारा इंची स्पीकर 5000 हर्ट्झच्या पुढे झपाट्याने ढेपाळतो, आणि डिस्टॉर्शनची करकर तिथेच गाळली जाते. प्रोसेसर थेट हेडफोनला किंवा मिक्सरला जोडताना ‘कॅब’ (अशा स्पीकरची नक्कल) बंद राहिलं, तर कानाशी डास गुणगुणल्यासारखा आवाज येतो तो याचमुळे. गिटार अँपला जोडताना मात्र कॅब सहसा बंदच ठेवायचं.

आता ईक्यू, म्हणजे ठरावीक वारंवारता चढवणारा किंवा कापणारा फिल्टर. आत येणारा आवाज सेकंदाला 44,100 किंवा 48,000 आकडे होऊन धावत असतो. फिल्टर प्रत्येक आकड्यात आधीचे काही आकडे ठरावीक प्रमाणात मिसळतो. आपण नॉब फिरवतो तेव्हा ते प्रमाण बदलतं, एवढंच. प्रीसेट म्हणजे अशा नॉबांच्या जागांची यादी. त्यात आवाज साठवलेला नसतो, त्यामुळे बिनधास्त मोडतोड करा.

पॅरामेट्रिक ईक्यूत तीन गोष्टी हातात असतात: वारंवारता, गेन आणि क्यू, म्हणजे पट्टा किती अरुंद. एका पट्ट्याचा क्यू अरुंद करा, गेन 10 डेसिबल चढवा, आणि एकच कॉर्ड वाजवत वारंवारता 200 पासून 800 पर्यंत सावकाश सरकवा. कुठेतरी आवाज डब्यातून आल्यासारखा होईल. तिथे थांबा, क्यू थोडा रुंद करा, आणि गेन शून्याच्या खाली तीन-चार डेसिबल न्या. चढवण्यापेक्षा कापणं बरं. कारण जे मोठं ते कानाला चांगलंच वाटतं, आणि त्या फसवणुकीत टोन सुधारला की नुसता वाढला हे कळत नाही. मिड मात्र भरभरून कापू नका. 500 ते 2000 हर्ट्झ ही बँडमध्ये गिटारची हक्काची जागा.

ईक्यू साखळीत कुठे बसवलाय यानेही फरक पडतो. डिस्टॉर्शनच्या आधी बास कापला तर जाड तारांवरचं पाम-म्यूट सुटसुटीत वाजतं. नंतर कापला तर चिखल तसाच राहतो, फक्त कमी ऐकू येतो.

शेवटी प्रीसेटचे आवाज एकमेकांशी जुळवा. मीटरवर भरवसा नको: क्लीन टोनचे टोकदार झटके आणि डिस्टॉर्शनचा सपाट आवाज मीटरवर सारखे दिसले, तरी डिस्टॉर्शन मोठंच ऐकू येतं. मागे ड्रम ट्रॅक लावून कानाने जुळवा, सोलोच्या प्रीसेटला तीनेक डेसिबल जास्त द्या, आणि पुढच्या प्रीसेटवर पाय ठेवण्याआधी सेव्ह दाबा. अनेक यंत्रं न विचारता केलेलं सगळं विसरून जातात.