पंखावरचा ताण

लाकडी मॉडेल विमानाचं कव्हरिंग म्हणजे सगळं झाल्यावर सांगाड्याला चढवायचा पोशाख, असं पाहणाऱ्याला वाटतं. पण बाल्साच्या रिबा (पंखाला आकार देणाऱ्या फासळ्या) आणि स्पार (पंखाच्या लांबीभर जाणारी दांडी) जोडून तयार झालेला उघडा पंख दोन्ही टोकांना धरून पिळून पाहावा. तो सहज पिळतो. त्याच पंखावर कागद चढवून डोप दिला आणि नीट वाळू दिला, की तो हाताला एकसंध, ताठ लागतो. पंख वाकू न देण्याचं काम स्पारचं. पिळू न देण्याचं काम बरंचसं वरच्या ताणलेल्या आवरणाचं. रेडिओवर उडणाऱ्या विमानांच्या आठ-नऊ दशकांत हे आवरण अनेकदा बदललं. त्या साऱ्या बदलांकडे मागे वळून पाहताना मला एकच शोध दिसतो: हा ताण आणायचा कशानं आणि टिकवायचा कसा.

राइट बंधूंनी १९०३च्या विमानाला साधी मलमल लावली होती, तिच्यावर कसलाही लेप नव्हता. कापडावर सेल्युलोजचा लेप देऊन ते आकसवायचं, हे तंत्र त्यानंतरच्या काही वर्षांत रुळलं. द्रावक उडून जातो, मागे राहिलेला पातळ थर आकसतो आणि कापडाला ओढून धरतो. यालाच डोप म्हणतात. या सोयीची किंमत माणसांनी मोजली आहे. पहिल्या महायुद्धाच्या सुरुवातीच्या वर्षांत ब्रिटनमधल्या विमान कारखान्यांत डोपमधल्या टेट्राक्लोरोइथेन या द्रावकामुळे कामगारांना विषारी कावीळ झाली, काहींचा जीव गेला. मॉडेलच्या डोपमध्ये ते विष नसतं, तरी बंद खोलीत डोप लावणाऱ्याला मी आजही खिडक्या उघडायला लावतो.

अमेरिकेतल्या कॅलमझूमधले वॉल्टर आणि विल्यम गुड हे जुळे भाऊ १९३७च्या सुमारास ‘गफ’ नावाचं विमान रेडिओवर उडवू लागले. पंखांचा पसारा सुमारे ८ फूट. ते विमान आज स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. व्हॉल्व्हचा रेडिओ आणि त्याच्या बॅटऱ्या इतक्या जड, की त्या उचलायला विमान मोठंच लागे. रबरावर उडणाऱ्या छोट्या मॉडेलला पुरणारा टिश्यू कागद अशा पसाऱ्याला नाजूक पडायचा. तिथे रेशीम आलं, आणि पुढची दोन-अडीच दशकं मोठ्या रेडिओ विमानांवर त्याचा मान राहिला.

रेशमाची रीत मला अजूनही सर्वांत देखणी वाटते. आधी सांगाडा पॉलिशपेपरनं असा घासायचा, की बोटाला कुठे सांधा कळू नये. कारण कव्हरिंग लाकडातला दोष झाकत नाही, दाखवून देतं. मग जिथे जिथे कापड टेकणार त्या कडांना डोपचे दोन हात. रेशीम पाण्यात भिजवून, निथळून पंखावर पसरायचं, धाग्यांची दिशा पंखाच्या लांबीशी जुळवायची आणि कडेनं पातळ डोप फिरवायचा. तो विणीतून खाली झिरपतो, खालचा वाळलेला थर विरघळवतो आणि कापड लाकडाला धरतो. पाणी वाळताना पहिला ताण येतो. त्यानंतर पातळ डोपचे एकावर एक हात, विणीची छिद्रं बुजेपर्यंत. दाट डोपचा एकच जाड हात देण्याचा मोह आवरावा लागतो. तो असमान आकसतो आणि पंखाला पीळ घालतो. म्हणून वाळताना पंख सपाट फळीवर टाचण्यांनी जखडून ठेवायचा आणि टोकाची मागची कड किंचित उचललेली ठेवायची. हा मुद्दाम दिलेला पीळ, वॉशआउट, वेग कमी झाल्यावर पंखाचं टोक आधी उचल गमावून स्टॉल होऊ देत नाही. डोप आकसत आकसतच त्याला कायम करतो. नायट्रेट, म्हणजे नायट्रोसेल्युलोजचा, डोप फार ओढू नये म्हणून त्यात एरंडेलाचे थेंब घालत. रंगीत डोप अगदी शेवटी आणि अगदी कमी, कारण रंगाला वजन असतं. त्यातही शेपटीवर जास्त जपायचं. विमानाचं नाक आखूड आणि शेपूट लांब. शेपटीवर एक ग्रॅम चढला, की तोल साधायला नाकात दोन-तीन ग्रॅम शिसं घालावं लागतं.

आपल्याकडे या कामाला ऋतू असतो. कोकणपट्टीच्या पावसाळ्यात डोपचा हात दिला, की बघता बघता पृष्ठभागावर पांढुरके ढग उमटतात. द्रावक झपाट्यानं उडताना पृष्ठभाग गार होतो, दमट हवेतलं पाणी त्यावर बसतं आणि नायट्रोसेल्युलोज साक्यासारखा बाहेर पडतो. फर्निचरला लॅकर मारणाऱ्या कारागिरांना हा प्रकार चांगला ठाऊक असतो. कोरड्या दिवशी नुसत्या थिनरचा हलका हात दिला, की डाग बहुधा मिटतात. पण खरा उपाय दसऱ्यापर्यंत थांबण्याचाच.

नायट्रेट डोपला धक्का दिला तो इंजिनानं. १९४७मध्ये अमेरिकेत रे आर्डेन यांनी इंधन पेटवणारा ग्लो प्लग बाजारात आणला आणि मिथेनॉल, एरंडेल, पुढे नायट्रोमिथेन अशा मिश्रणावर चालणारी छोटी इंजिनं सगळीकडे झाली. त्यांच्या धुराड्यातून उडणारं तेलकट इंधन नायट्रेट डोपला मऊ करतं, विरघळवतं. मग लाकडाला चांगला चिकटतो म्हणून खाली नायट्रेट आणि इंधनाला दाद देत नाही म्हणून वर ब्युटिरेट डोप, अशी जोडी जमली. पंखाचं फिनिशिंग आता इंधनाच्या डबीत काय आहे त्यावर ठरू लागलं.

खरी उलथापालथ १९६०च्या दशकात झाली. अमेरिकेतल्या टॉप फ्लाइट कंपनीनं मोनोकोट आणलं: पॉलिएस्टरची आकसणारी फिल्म, तिच्यातच रंग आणि पाठीला उष्णतेनं चिकटणारा थर. इंग्लंडमध्ये सोलरफिल्म आली, पुढे जर्मनीतून ओराकव्हर. डोपचा वास नाही, वाळण्याची वाट पाहणं नाही. साधारण १०० अंश सेल्सिअसच्या पुढे कडा चिकटतात, आणखी तापवलं की मधला भाग आकसून ताठ होतो. आठवड्यांचं काम दोन संध्याकाळींत होऊ लागलं. घरातली कपड्यांची इस्त्री पळवली जाऊ लागली तीही तेव्हाच. यातही कसब आहेच. आधी खालची बाजू, मग वरची. सांध्याचं तोंड मागे, वारा आत शिरणार नाही असं. फिकट रंगावर गडद रंगाची कड. सलग बाल्साच्या पत्र्यावर हवा अडकून फुगे येतात, तिथे टाचणीनं बारीक भोकं पाडून इस्त्री मधून कडेकडे न्यायची.

पण फिल्मच्या कौतुकात एक गोष्ट मागे पडली, आणि मला ती महत्त्वाची वाटते. डोप केलेलं रेशीम किंवा टिश्यू लाकडाशी एकजीव होतं. फिल्म मऊ गोंदाच्या थरावर नुसती ताणून बसलेली असते. पिळाला ती तितका विरोध करत नाही. रेशमासाठी आखलेल्या जुन्या आराखड्यांवर लोकांनी फिल्म चढवली, तेव्हा तेच पंख लुळे पडले. दोष आराखड्याला लागला. उन्हात उभ्या विमानाची गडद फिल्म सैल पडून सुरकुततेही; पुन्हा इस्त्री फिरवावी लागते.

भारतात ही क्रांती उशिरा पोचली. परवाना-राजच्या काळात परदेशी फिल्म मिळणं अवघड होतं. एनसीसीच्या एअर विंगमध्ये एअरोमॉडेलिंग शिकलेल्या कित्येकांचे हात कागद आणि लॅकरवरच तयार झाले. त्या टंचाईनं एक चांगलं केलं: हलकं आणि ताठ यांतला हिशेब त्यांना बोटांनी कळला.

गेल्या वीसेक वर्षांत लिथियम पॉलिमर बॅटऱ्या आणि ब्रशलेस मोटरींनी पुन्हा फासे पालटले. धुराड्याचं तेल गेलं, तसं इंधनाला टिकणाऱ्या लेपाचं बंधनही गेलं. टिश्यू परत आला, पाण्यात मिसळणारे पॉलियुरेथेनचे वार्निश आले, नेहमीच्या फिल्मपेक्षा बऱ्याच हलक्या फिल्म आल्या. दुसरीकडे जुनी नावं मिटत गेली. सोलरफिल्मचं उत्पादन थांबलं. टॉप फ्लाइट ज्या हॉबिको कंपनीकडे होती, ती जानेवारी २०१८मध्ये दिवाळखोरीत गेली. लेझरनं कापलेल्या किटमुळे सांगाडा मात्र आज पूर्वी कधी नव्हता इतका अचूक बसतो.

म्हणून जुन्या आराखड्यावरून बांधणाऱ्यांना माझं सांगणं असतं: फिल्मच लावायची तर पंखाच्या पुढच्या भागाला वर-खाली पातळ बाल्साचा पत्रा देऊन बंद पेटी करा, किंवा रिबांमध्ये तिरक्या पट्ट्या घाला. ते नको असेल तर आधी टिश्यू लावून डोप द्या आणि त्यावर हलकी पारदर्शक फिल्म चढवा. वजन थोडं वाढतं, पण पंख पिळत नाही आणि उन्हात रिबा आरपार दिसतात.