पाटीवरचं नाव

जळगावहून धुळ्याकडे निघालं की बांभोरीजवळ गिरणेचा पूल लागतो. या टापूत हायवेला दोन मोठ्या पाट्या आहेत. एकीवर ज्या बाईचं नाव आहे, तिला अक्षरओळख नव्हती. दुसरीमागे जी बाई आहे, तिचं नाव पाटीवर नाही.

पहिली पाटी विद्यापीठाची. उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ १९९० साली निघालं. २०१८मध्ये त्याला कवयित्री बहिणाबाई चौधरींचं नाव मिळालं. आसोद्याच्या या लेकीची गाणी लिहून घेतली ती मुलानं, सोपानदेवांनी, आणि त्यांच्या मावसभावानं. आज त्याच विद्यापीठात केमिकल इंजिनिअरिंग शिकवतात. पदवीच्या कागदावर नाव कुणाचं, तर घरोटा आणि मोट यांवर गाणी रचणाऱ्या बाईचं! आणि घरोटा म्हणजे तरी काय? जातं. त्याच्या दोन तळ्यांमधली फट जरा वाढवली की डाळ भरडते, मिटवली की पीठ पडतं. हे गणित बायका पहाटेच्या अंधारात हातानंच करत. त्याला इंजिनिअरिंग म्हणायचं कुणाला सुचलं नाही, एवढंच.

बाईचं नाव दारावर लावायची हौस जुनीच. मुंबईची व्हीजेटीआय १८८७ची, राणी व्हिक्टोरियाच्या नावाची. १९९७मध्ये तिथे वीरमाता जिजाबाई आल्या. आद्याक्षरं तीच राहिली. राणी गेली, राजमाता आली, पण वर्गात मुली? शकुंतला भगत १९५३मध्ये तिथून सिव्हिलची पदवी घेऊन बाहेर पडल्या, तेव्हा अशी मुलगी म्हणजे नवलच होतं. पुढे त्यांनी यजमानांबरोबर पुलांची एक पद्धत काढली : पोलादाचे ठरावीक मापाचे सुटे भाग न्यायचे आणि जागेवर जोडायचे. घाटरस्त्यानं अख्खा गर्डर चढत नाही, सुटे भाग चढतात. त्यांचा असा पहिला पूल १९७२मध्ये थेट हिमाचलातल्या स्पितीत उभा राहिला.

त्याच्याही आधी, मद्रासच्या गिंडी कॉलेजात, अठराव्या वर्षी विधवा झालेल्या, पदरी लेक असलेल्या ए. ललिता इलेक्ट्रिकल शिकल्या. प्रमाणपत्रावर छापील ‘तो’ होता. तो खोडून हातानं ‘ती’ लिहावं लागलं. मला तर सगळा इतिहास त्या खाडाखोडीतच दिसतो.

मुंबई-मद्रासला निदान कॉलेज तरी होतं. खानदेशातल्या मुलीची अडचण बुद्धीची नव्हती, अंतराची होती. पुण्याला पाठवायचं तर राहायचं कुठे, सोबत कोण, लोक काय म्हणतील. १९८३मध्ये वसंतदादा पाटलांच्या सरकारनं खासगी इंजिनिअरिंग कॉलेजांना वाट मोकळी केली, आणि त्याच वर्षी बांभोरीला एक कॉलेज सुरू झालं. सकाळच्या एसटीनं जाऊन दिवेलागणीला घरी येता येईल, असं. दुसरी पाटी त्याचीच.

ते काढणारी संस्था मुंबई, पुणे आणि दिल्लीत नोकरदार बायकांसाठी वसतिगृहंही चालवते. परगावी डोक्यावर छप्पर नसलं की मुलीचं शिक्षण आणि नोकरी दोन्ही कशी अडतात, हे तिथे पक्कं माहीत असणार. संस्था उभी करणाऱ्या बाई स्वतः इंजिनिअर नव्हेत. जळगावच्या एम. जे. कॉलेजात शिकलेल्या, मग वकील, मग आमदार. २००७मध्ये त्या देशाच्या पहिल्या महिला राष्ट्रपती झाल्या. प्रतिभाताई पाटील.

पाटीवर मात्र फक्त संस्थेचं नाव : ‘श्रम साधना’.